कडी आतून उघडते

आपल्याकडच्या बायका गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आहे, पिशवी काढून टाकली. शब्द रोजच्या वापरातला आहे आणि त्याच्यासोबत एक सोयही येते: पिशवी फाटली की टाकून देता येते. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत याच अवयवाला ‘फारे तांगाता’ म्हणतात. फारे म्हणजे घर, तांगाता म्हणजे माणूस. माणसाचं घर. पूर्वजांपासून चालत आलेली वंशाची ओळ या घरातून पुढे जाते, म्हणून ते ‘तापू’ आहे, पवित्र आहे, कुणीही येता-जाता हात लावावा असं नाही.

ज्या घराला एवढा मान, त्याच्याच उंबरठ्यावर, म्हणजे गर्भाशयमुखावर होणाऱ्या कर्करोगानं माओरी स्त्रिया देशातल्या इतर स्त्रियांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात मरतात. देश एकच, रुग्णालयं तीच, औषधं तीच. मग हा फरक कुठून आला? आणि तो कमी करण्यासाठी एक साधी काडी, एक पाकीट आणि एक फोन यांचा उपयोग कसा होऊ शकतो? या प्रकरणात आपण हे पाहणार आहोत.

वेळ देणारा आजार

कर्करोगांच्या यादीत गर्भाशयमुखाचा कर्करोग वेगळा आहे, कारण त्याचं मूळ आपल्याला नेमकं ठाऊक आहे. जवळजवळ प्रत्येक रुग्णात त्यामागे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही हा विषाणू असतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये शोधून काढले. या शोधासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. जगातल्या या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना हे दोनच प्रकार कारणीभूत असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्वत्र आहे, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच. तो होणं हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा मोठा अवधी फार थोडे आजार देतात. या काळात बदललेल्या पेशी सापडल्या, तर छोट्याशा उपचारानं त्या काढून टाकता येतात आणि कर्करोग होतच नाही.

तरीही जगात २०२२ मध्ये सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि साडेतीन लाख स्त्रिया त्यानं दगावल्या. वेळ होता, पण त्या वेळात त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही.

पोचण्याचं जुनं साधन म्हणजे पॅप स्मिअर. ग्रीसमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणारे जॉर्ज पापानिकोलाउ यांच्या नावावरून ही तपासणी ओळखली जाते. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९४३ साली आला आणि पुढच्या दशकांत श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्यानं घटले. पण या तपासणीसाठी स्त्रीला दवाखान्यात जावं लागतं, कपडे उतरवून पाठीवर झोपावं लागतं आणि परक्या माणसानं स्पेक्युलम हे धातूचं किंवा प्लास्टिकचं उपकरण आत घालून पेशी खरवडून घेईपर्यंत निमूट पडून राहावं लागतं. काचपट्टीवरच्या पेशी वाचणारा तज्ज्ञही तितकाच कुशल लागतो.

एचपीव्ही चाचणीनं हे गणित बदललं. तिच्यात प्रयोगशाळेतलं यंत्र थेट विषाणूची जनुकीय खूण शोधतं. ही चाचणी जीव वाचवते, याचा एक भक्कम पुरावा आपल्या मराठवाड्यातून जगाला मिळाला आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो चालवला. २००९ साली निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे ३४ मृत्यू झाले होते, तपासणीची मोहीम न झालेल्या तुलना-गटात ६४. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलना-गटातल्या स्त्रियांची तपासणी का केली नाही, यावर पुढे मोठा नैतिक वादही झाला. पुरावा आणि वाद, दोन्ही लक्षात ठेवायला हवेत. संशोधनाची किंमत अनेकदा सर्वांत कमी आवाज असलेल्या बायका मोजतात, हे न्यूझीलंडच्या कहाणीतही दिसतं.

विश्वास कसा तुटला

ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. गर्भाशयमुखाच्या सर्वांत वरच्या थरातल्या बदललेल्या पेशींपासून पुढे कर्करोग होत नाही, असं त्यांचं मत होतं. ते सिद्ध करण्यासाठी १९६६ पासून त्यांनी काही स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता नुसतं लक्ष ठेवायला सुरुवात केली. आपण एका अभ्यासाचा भाग आहोत, हे त्या स्त्रियांना सांगितलं गेलं नाही. त्या वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिल्या. बऱ्या होत असल्याच्या समजुतीत. १९८४ साली त्याच रुग्णालयातल्या इतर डॉक्टरांनी आकडे प्रसिद्ध केले. ज्या १३१ स्त्रियांमध्ये बदललेल्या पेशी पुढेही दिसत राहिल्या होत्या, त्यांतल्या २२ टक्के जणींना कर्करोग झाला होता.

सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी १९८७ मध्ये ‘मेट्रो’ मासिकात ही हकिगत लिहिली आणि देश हादरला. न्यायाधीश सिल्विया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ साली आला. रुग्णाची माहितीपूर्ण संमती, रुग्णांचे हक्क, राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम यांची पायाभरणी न्यूझीलंडमध्ये त्या अहवालानं केली. पण तपासणी कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे दुसरा धक्का बसला. माओरींची मोठी वस्ती असलेल्या गिसबोर्न भागात १९९० च्या दशकात कितीतरी काचपट्ट्या चुकीच्या वाचल्या गेल्याचं उघड झालं आणि पुन्हा चौकशी बसली.

बाई तपासणीला येत नाही, याला आपण पटकन ‘अज्ञान’ म्हणून मोकळे होतो. या बायकांच्या आया आणि मावश्या तर तपासणीला गेल्या होत्या, सांगितलं तसं वागल्या होत्या. त्यांचं काय झालं, हे घराघरात माहीत होतं. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी दाराला कडी लावून घेतली, तर त्याला अज्ञान कसं म्हणायचं?

माओरी स्त्रियांनी या काळात एक गोष्ट मात्र मिळवली. आपल्या तपासणीची माहिती ही आपल्या समाजाची ठेव आहे, असा आग्रह त्यांनी धरला. १९९५ साली त्यासाठी खास नियम झाले आणि ‘काइतियाकी’, म्हणजे राखणदार स्त्रियांचा राष्ट्रीय गट नेमला गेला. माओरी स्त्रियांच्या तपासणीची एकत्रित माहिती वापरायची तर या गटाची परवानगी लागे. तुटलेला विश्वास जोडायचा असेल, तर हक्क द्यावे लागतात, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

फाकामा

अविश्वासाच्या जोडीला दुसरी भिंत आहे. तिला माओरीत ‘फाकामा’ म्हणतात. लाज, संकोच, अवघडलेपण, आपण कमी पडतो असं वाटणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. आपल्या भाषेत अशी बाई ‘कुठं सांगू आणि कसं सांगू’ म्हणते आणि गप्प बसते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला तर स्पेक्युलमची कल्पनाही सहन होत नाही.

तिसरी भिंत साधी, रोजची आहे. न्यूझीलंडच्या अगदी उत्तरेला ते ताई तोकेराउ, म्हणजे नॉर्थलँड हा भाग आहे. तिथल्या काइताइया गावापासून फांगारेच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी लागते, पेट्रोल लागतं, पोरांना सांभाळायला कुणी लागतं, कामावरची रजा लागते. शिवाय स्तनांच्या आणि आतड्याच्या कर्करोगाची सरकारी तपासणी मोफत असताना गर्भाशयमुखाच्या तपासणीचे पैसे मात्र अनेकींना मोजावे लागत होते.

रोटोरुआची तालेई मॉरिसन ही माओरी कलावती पारंपरिक नृत्य-गायनात, ‘कापा हाका’त नावाजलेली होती. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला तेव्हा ती गप्प बसली नाही. ‘स्मिअर युअर मेआ’ ही मोहीम तिनं उभी केली. ‘मेआ’ म्हणजे ‘ते’, नाव न घेता बोलायची वस्तू. ज्या शब्दाआड लाज लपत होती, तोच शब्द तिनं हसत रंगमंचावर आणला आणि कापा हाकाच्या कलावंत बायकांनी एकमेकींना तपासणीला नेलं. तालेई २०१८ साली गेली. मोहीम तिच्या घरच्यांनी पुढे चालू ठेवली.

काडी तिच्या हातात

एचपीव्ही चाचणीसाठी गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडाव्या लागत नाहीत. विषाणू असलेल्या पेशी आपोआप गळून योनिमार्गात येतात आणि विषाणूचा अत्यल्प अंशही पीसीआर तंत्र ओळखू शकतं. मग नमुना डॉक्टरनंच घ्यायला हवा असं कुठं आहे? स्त्रीनं हात धुवावेत, मऊ टोकाची काडी, म्हणजे स्वॅब, काही सेंटिमीटर आत सरकवावी, वीस-तीस सेकंद हलकेच फिरवावी, नळीत घालून झाकण लावावं. झालं. कोविडच्या दिवसांत नाकात घातलेल्या स्वॅबसारखाच हा प्रकार आहे. पीसीआर पद्धतीनं तपासलेला असा नमुना डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वसनीय ठरतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

न्यूझीलंडमध्ये या कामाला नेटानं पुढे नेलं ते न्गाती पोरोउ वंशाच्या डॉक्टर प्राध्यापक बेव्ह लॉटन यांनी. वेलिंग्टनमधल्या त्यांच्या संशोधन केंद्रानं नॉर्थलँडच्या दवाखान्यांत एक अभ्यास केला. वर्षानुवर्षं तपासणी न केलेल्या किंवा कधीच न केलेल्या माओरी स्त्रियांपैकी काहींना नेहमीचं स्मिअर आणि काहींना स्वतः घ्यायचा नमुना असे पर्याय दिले. ज्या दवाखान्यांत स्वतः नमुना घेण्याची सोय होती, तिथं तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तिप्पट निघालं. बायका तपासणीला तयार नव्हत्या, हा समज तिथंच कोसळला. तपासणीची ती एक पद्धत त्यांना नको होती.

१२ सप्टेंबर २०२३ पासून न्यूझीलंडचा राष्ट्रीय कार्यक्रम एचपीव्ही चाचणीवर आला. २५ ते ६९ वयाच्या स्त्रीला स्वतः नमुना घेण्याचा पर्याय मिळाला आणि माओरी व पॅसिफिक बेटांवरून आलेल्या स्त्रियांसाठी ही तपासणी मोफत झाली. चाचणीत विषाणू नसेल, तर बहुतेकींना पुढची तपासणी थेट पाच वर्षांनी.

पाकिटाआधी फोन

काडी घरी वापरता येते, तर सगळ्यांना टपालानं पाठवून देऊ, असं कुणालाही वाटेल. ऑकलंडमध्ये ते करूनही पाहिलं गेलं. नुसतं दवाखान्यात बोलावण्यापेक्षा घरी संच पाठवल्यावर प्रतिसाद वाढला खरा, पण बहुसंख्य पाकिटं परत आलीच नाहीत. अनोळखी पाकीट उघडलं जात नाही. घर बदललेलं असतं. पाकीट सासूच्या किंवा पोराच्या हाती पडतं. सूचनांचा कागद वाचून मनातली भीती जात नाही.

म्हणून पाकिटाआधी माणूस हवा. दूरध्वनीवरच्या आरोग्यसेवेचं, म्हणजे टेलिहेल्थचं काम इथं सुरू होतं. तपासणीची मुदत उलटून गेलेल्या स्त्रीला परिचारिका किंवा तिच्याच समाजातली आरोग्यसेविका फोन करते. माओरी रीत अशी, की महत्त्वाचं बोलणं ‘कानोही की ते कानोही’, म्हणजे समोरासमोर व्हावं. मग फोनवर हे कसं साधायचं? अनुभवी सेविका आधी आजाराचं नाव काढत नाही. तू कुठली, तुझा डोंगर कोणता, नदी कोणती, कुणाच्या घरातली, अशी ओळख आधी निघते. आपल्या खेड्यातली म्हातारी नव्या सुनेला ‘माहेर कुठलं गं तुझं?’ विचारते, तसंच हे. नातं जोडलं गेलं की मग काम.

नंतरचे प्रश्न वैद्यकीय असतात आणि ते टाळून चालत नाही. शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जातं का? जात असेल, तर घरच्या चाचणीवर थांबता येत नाही, डॉक्टरनं तपासायलाच हवं. पूर्वी काही दोष निघाला होता का? गरोदर आहेस का? पाकीट घरी पाठवू की आणखी कुठं? निकाल कोणत्या वेळी सांगितलेला चालेल? आणि सर्वांत महत्त्वाचं: तुला ही चाचणी करायची आहे का? ‘नको’ म्हणण्याची मोकळीक असेल तेव्हाच ‘हो’ला अर्थ असतो.

हवं असेल तर ती नमुना घेत असताना सेविका फोनवर थांबते. काडी खूप आत गेली तर? चुकीचं घेतलं तर? दुखलं तर? ही भीती कागदानं जात नाही, आवाजानं जाते. दार घराच्या आत असलेल्या बाईनंच उघडायचं आहे. बाहेर उभ्या असलेल्यांनी आपण कोण आहोत ते सांगावं आणि वाट पाहावी.

खरी परीक्षा निकालानंतर

तपासणी करणाऱ्या बहुतेकींमध्ये विषाणू सापडत नाही. ज्यांच्यात १६ किंवा १८ प्रकार सापडतो, त्यांना थेट कॉल्पोस्कोपीसाठी पाठवतात. म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बारकाईनं पाहतात. दुसरे धोकादायक प्रकार सापडले, तर आधी दवाखान्यात पेशींचा नमुना घेतात. एचपीव्ही सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नाही, हे फोनवर सावकाश, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

घरच्या चाचणीची मर्यादा इथंच आहे. काडी विषाणू शोधते, उपचार करत नाही. आता दीडशे किलोमीटरचा रस्ता पुन्हा समोर उभा राहतो आणि टाळलेलं स्पेक्युलमही. इथं साथ सुटली, तर आधीचं सगळं वाया जातं. उलट बाईच्या मनात नुसती भीती घालून दिली असं होतं. म्हणून फोन करणाऱ्या सेविकेचं काम निकाल सांगून संपत नाही. भेटीची वेळ ठरवणं, गाडीची सोय, ‘फानाउ’मधलं, म्हणजे गोतातलं कुणी सोबत येईल का ते पाहणं, भेटीच्या दिवशी पुन्हा फोन, हे सगळं त्याच साखळीचे दुवे आहेत.

स्वतः नमुना घेण्याची सोय आता इतर देशांतही झाली आहे. ऑस्ट्रेलियात आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या स्त्रियांमध्ये हा कर्करोग इतरांच्या दुपटीनं आढळतो. तिथं १ जुलै २०२२ पासून तपासणीला पात्र असलेल्या प्रत्येक स्त्रीला हा पर्याय आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियानं जानेवारी २०२४ पासून घरपोच संच द्यायला सुरुवात केली. अमेरिकेनं मे २०२५ मध्ये घरी वापरायच्या पहिल्या साधनाला मान्यता दिली. ते फोनवर किंवा व्हिडिओवर वैद्यकीय सल्ला घेऊन मागवायचं असतं.

आपल्या दाराशी

भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया गेल्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. ज्या चाचणीचा पुरावा धाराशिवच्या बायकांनी जगाला दिला, ती आपल्या धडगावच्या, मेळघाटच्या, भामरागडच्या बायकांपर्यंत अजून पोचायची आहे.

तपासणी नसते तेव्हा तिची जागा भीती घेते. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जातं, पाळीत त्रास होतो, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना ‘कॅन्सर होईल’ ही भीती घातली गेली होती. तिशीतल्या बाईचं ‘माणसाचं घर’ पाडून टाकणं सोपं ठरलं. एका काडीनं आधी पाहून घेणं कुणाला सुचलं नाही.

आपल्याकडे घरोघरी जाणारी आशाताई आहे. ती गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या बाईची भाषा जाणते, तिचं माहेर-सासर जाणते. फोन जवळजवळ प्रत्येक वस्तीत पोचला आहे. पण न्यूझीलंडचा अनुभव सांगतो, की काड्या किती वाटल्या हा आकडा फसवा असतो. ज्या बाईत विषाणू सापडला, ती उपचाराच्या टेबलापर्यंत पोचली का आणि बरी होऊन घरी आली का, हाच आकडा मोजायला हवा. जिथं उपचाराची वाट बांधलेली नाही, तिथं काडी वाटू नये. आधी वाट बांधावी.

जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी असं सांगते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी तिशी ओलांडलेली एक तरी स्त्री आहे. आई, बहीण, बायको, वहिनी, घरकामाला येणारी मावशी. तिला आज विचारा, ‘तुझी ही तपासणी कधी झाली?’ बहुधा ती म्हणेल, ‘कधीच नाही.’ मग तिच्यासोबत डॉक्टरकडे जा, आणि निकाल आल्यावर पुढच्या भेटीलाही सोबत जा.